एक तास पायडल, चोवीस तास वीज : एका दाव्याचा हिशेब

२०१५ च्या उत्तरार्धात मनोज भार्गव या भारतीय वंशाच्या अमेरिकी उद्योजकाने एका माहितीपटाद्वारे ‘फ्री इलेक्ट्रिक’ नावाचे यंत्र लोकांसमोर ठेवले. दिसायला ते व्यायामशाळेत एका जागी उभ्या असलेल्या सायकलीसारखे होते. पायडल मारले की एक जड चक्र फिरे, चक्राबरोबर जनित्र फिरे आणि जनित्रातून निघालेली वीज बॅटरीत साठे. यंत्रासोबतचा दावा एका वाक्यात मावणारा होता: एक तास पायडल मारा आणि खेड्यातल्या घराला चोवीस तास पुरेल इतकी वीज मिळवा. लखनौमध्ये जन्मलेले, किशोरवयात अमेरिकेत गेलेले आणि शक्तिवर्धक पेयाच्या चिमुकल्या बाटल्या विकून अब्जाधीश झालेले भार्गव यांनी आपली बहुतेक संपत्ती लोकोपयोगी कामांना देण्याचे आधीच जाहीर केले होते. त्यामुळे नफ्यासाठी केलेली हातचलाखी म्हणून हे प्रकरण बाजूला सारता येत नाही. पहिल्या चाचण्या उत्तराखंडातील काही खेड्यांत घेण्याचे ठरले होते आणि भारतासाठी सांगितलेली किंमत बारा ते पंधरा हजार रुपयांच्या घरात होती.

हे प्रकरण तपासण्याजोगे वाटते ते त्यातल्या एका विसंगतीमुळे. दावा सरळसरळ खोटा नव्हता. तासाभराच्या पायडलिंगमधून खरोखरच काही दिवे चोवीस तासांच्या हिशेबात बसवता येतात; मात्र ‘घराला पुरेल इतकी वीज’ या शब्दांतून ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे घर उभे राहते, ते घर त्या विजेवर चालत नाही. ही फट नेमकी किती रुंद आहे आणि ती कुठे पडते, हे आकड्यांवाचून कळत नाही.

पायांतून किती निघते

हिशेब पायांपासून सुरू करावा लागतो, कारण पुढची सगळी यंत्रसामग्री त्या आकड्यातून फक्त वजाबाकी करते. खेळाडू नसलेला निरोगी प्रौढ माणूस तासभर न थांबता पायडल मारतो तेव्हा तो साधारण ७५ वॉट शक्ती देतो. जोर लावून, घाम गाळून १०० वॉटपर्यंत जातो. कसलेला सायकलपटू तासभर ३०० वॉटच्या वर राहू शकतो, पण असा माणूस घरोघरी नसतो. २०१५ मध्येच जर्मनीचा रॉबर्ट फोर्स्टेमन हा अवाढव्य मांड्यांसाठी प्रसिद्ध असलेला ट्रॅक सायकलपटू ७०० वॉटच्या टोस्टरला जोडलेल्या सायकलीवर बसला होता. पावाचा एक काप भाजून होईपर्यंत त्याने ०.०२१ युनिट वीज निर्माण केली आणि त्यानंतर तो जमिनीवर आडवा झाला. ७०० वॉटच्या हिशेबाने ही वीज दोन मिनिटांचीसुद्धा नव्हती.

येथे वॉट आणि वॉट-तास यांतील फरक मनात पक्का असलेला बरा, कारण या विषयावरच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ त्यातच आहे. वॉट म्हणजे नळाची धार. वॉट-तास म्हणजे त्या धारेने भरलेली घागर. हजार वॉट-तासांची घागर भरली की वीजबिलावर एक युनिट उमटते.

आता वजाबाकी. पायांनी दिलेल्या १०० वॉटपैकी साखळी, पट्टा आणि बेअरिंग यांच्या घर्षणात दहाएक वॉट जातात. उरलेल्या ९० पैकी सुमारे ७० वॉट विजेच्या रूपात बाहेर येतात, तेही जनित्र चांगले असेल तर. ही वीज शिशाच्या बॅटरीत भरून पुन्हा बाहेर काढताना साधारण पाचवा हिस्सा गळतो आणि हाती छप्पन वॉट राहतात. शेवटी नेहमीची घरगुती उपकरणे चालवण्यासाठी इन्व्हर्टर लावला तर आणखी दहा-पंधरा टक्के कमी होऊन पन्नासच्या आसपास उरतात. म्हणजे घाम गाळून चालवलेल्या एका तासातून वापरता येण्याजोगी वीज मिळते ती ५० वॉट-तास, अर्थात एका युनिटचा विसावा भाग. ही वीज चोवीस तासांवर सारखी पसरली तर धार सुमारे दोन वॉटची पडते. पुढच्या सगळ्या विवेचनात मी ५० वॉट-तास हाच आकडा धरला आहे. एखादा दणकट तरुण आणि उत्तम सामग्री यांच्या जोरावर तो दुप्पट झाला, तरी निष्कर्षाची दिशा बदलत नाही.

‘फ्री इलेक्ट्रिक’मधल्या जड चक्राविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. एकदा गती घेतली की चक्र आपोआप फिरत राहते, म्हणून त्यातून पायांनी घातली त्याहून जास्त वीज निघते, असा समज अनेकांच्या मनात असतो आणि ‘फुकट वीज’ या शब्दाने त्याला खतपाणी मिळते. चक्राचे काम त्याहून पुष्कळ साधे आहे. पायडल वरच्या आणि खालच्या टोकाला असते तेव्हा पायाचा जोर जवळजवळ शून्य होतो. चक्र नसेल तर वीज प्रत्येक फेऱ्यात दोनदा गचके खात वर-खाली होईल. चक्र हे गचके पोटात घेते. ते जितकी ऊर्जा देते तितकी आधी पायांकडून घेतलेली असते, आणि वर घर्षणाचा हिशेब चुकता करते.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ज्यांनी असे यंत्र चालवून पाहिले आहे त्यांना हा मुद्दा पायांनीच कळलेला असतो. काहीही जोडलेले नसताना पायडल हलके फिरते. नऊ वॉटचा एलईडी लावला तर फरक जाणवतो न जाणवतो. आणि ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब जोडला की चढ लागल्यासारखे पाय जड होतात. विजेची मागणी वाढताच जनित्र उलट जोर लावते, हा लेंझचा नियम. सायकलला डायनमो असण्याच्या काळात रात्री घरी परतणाऱ्या प्रत्येकाने तो अनुभवला आहे, आणि तो डायनमो तर जेमतेम तीन वॉटचा असे.

घरी जुळवणी करणाऱ्यांची अडचण

विकतच्या यंत्राची किंमत पाहून भंगारातल्या सामानातून असे यंत्र स्वतः जुळवणारे हौशी लोक बरेच आहेत. त्यांच्या हाती बहुधा प्रथम मोटारगाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारे जनित्र, येतो, कारण तो सहज मिळतो. पण पायांसाठी तो जवळजवळ सर्वांत वाईट पर्याय ठरतो. त्याच्या आतले चुंबक कायमचे नसते. ते तयार करण्यासाठीच त्याला बॅटरीतून तीन-चार अँपिअर, म्हणजे ४० वॉटच्या आसपास वीज लागते. इंजिनाला हा खर्च कळतही नाही, पण ७५ वॉट देणाऱ्या माणसाची निम्मी ताकद तिथेच संपते. शिवाय हा अल्टरनेटर मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांखाली फारसे काही देत नाही. कायमचे चुंबक असलेली डीसी मोटर उलट्या कामाला लावणे, म्हणजे तिला फिरवून तिच्याकडून वीज घेणे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

फेऱ्यांचा प्रश्न मात्र सायकलच सोडवते. पाय मिनिटाला ६० फेरे मारतात. ४८ दात्यांचे पुढचे चक्र आणि १८ दात्यांचे फ्रीव्हील यांमुळे मागचे चाक १६० फेरे घेते. आणि सहासष्ट सेंटिमीटर व्यासाच्या त्या चाकावरचा पट्टा पाच सेंटिमीटरच्या पुलीवर नेला की मोटर मिनिटाला दोन हजारांवर फेरे घेऊ लागते.

मोटर आणि बॅटरी यांच्या मध्ये एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, विसरता कामा नये. तो नसेल तर पाय थांबताच वीज उलटी वाहू लागते, बॅटरी मोटरला फिरवू लागते आणि जी वीज भरण्यासाठी तासभर घाम गाळला तीच वीज चाक रिकामे फिरवण्यात संपते.

बॅटरीची अडचण अधिक खोल आहे. शिशाच्या बॅटरीला सावकाश भरणे मानवते. तिच्या क्षमतेच्या दहा ते वीस टक्के इतक्याच प्रवाहाने ती भरावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. बारा व्होल्टला पाच-सहा अँपिअर देणाऱ्या पायांसाठी म्हणूनच किमान तीस अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी लागते. छोट्या यूपीएसमधली सात अँपिअर-तासांची स्वस्त बॅटरी ही धार झेलू शकत नाही. ती तापते आणि लवकर मरते. म्हणजे ५० वॉट-तास साठवण्यासाठी सुमारे ३६० वॉट-तासांची बॅटरी विकत घ्यायची, आणि काही वर्षांनी ती बदलायची. दाव्यातल्या एका तासात हा खर्च कुठेच दिसत नाही.

पन्नास वॉट-तासांचे घर

तीन वॉटचे दोन दिवे रोज पाच तास लावले तर ३० वॉट-तास लागतात. साध्या स्मार्टफोनची बॅटरी पंधराएक वॉट-तासांची असते. चार्जिंगमधली गळती धरून २० वॉट-तास. बेरीज ५०. एका तासाचे पायडल इथेच संपते: दोन मिणमिणते नव्हेत, बऱ्यापैकी उजेडाचे दिवे आणि एक भरलेला फोन. ज्या घरात संध्याकाळी सातनंतर रॉकेलची चिमणी लागते त्या घराला ही गोष्ट लहान वाटणार नाही, हे मान्य करायलाच हवे.

यापुढे टाकलेले प्रत्येक पाऊल मात्र महागात पडते. ७५ वॉटचा नेहमीचा छताचा पंखा याच विजेवर चाळीस मिनिटे चालेल. नव्या पद्धतीचा ३० वॉटचा पंखा लावला तर एक तास चाळीस मिनिटे, म्हणजे विदर्भातल्या मे महिन्याच्या रात्री डोळा लागेपर्यंत. ५०० वॉटचा मिक्सर सहा मिनिटे, आणि दोन किलोवॉटचा गीझर दीड मिनिट.

गीझरचे उदाहरण पुढे न्यायला हवे, कारण पायांच्या ताकदीचा खरा स्वभाव त्यातून उघड होतो. पंधरा लिटरची एक बादली पाणी पंचवीस अंशांनी तापवायला सुमारे ४३५ वॉट-तास लागतात. म्हणजे एका माणसाच्या अंघोळीसाठी दुसऱ्या माणसाने पावणेनऊ तास पायडल मारायचे. आता त्याच माणसाला जनित्राऐवजी थेट पंपाला जोडू. हजार लिटर पाणी सहा मीटर उंच चढवायला लागणारी निव्वळ ऊर्जा १६ वॉट-तासांच्या आसपास आहे. पंपातली गळती धरूनही ७५ वॉट देणारे पाय हे काम वीस-पंचवीस मिनिटांत उरकतात. गच्चीवरची टाकी भरणे अर्ध्या तासाच्या आत, आणि त्यातली एक बादली तापवणे अख्ख्या दिवसाचे. उष्णता ही ऊर्जेची अतिशय खादाड मागणी आहे आणि वजन उचलणे अतिशय मिताहारी. आपल्याकडे मोट, रहाट, जाते, घाणी ही सारी कामे स्नायूंवर शतकानुशतके चालली आणि पाणी तापवायला मात्र बंब पेटवावा लागला, यामागे हेच गणित आहे.

दाव्याला जोखण्यासाठी बाहेरची मापेही उपलब्ध आहेत. २०१५ मध्येच जागतिक बँकेने घरगुती विजेच्या उपलब्धतेच्या पायऱ्या ठरवणारी एक चौकट प्रसिद्ध केली. तिच्यातली पहिली पायरी दिवसाला किमान १२ वॉट-तासांची आहे आणि दुसरी २०० वॉट-तासांची. तासाभराचे पायडल पहिली पायरी आरामात चढते आणि दुसरीच्या पाव अंतरावर थांबते. भारत सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना जाहीर केली, तेव्हा जिथे तारा नेणे शक्य नाही अशा दुर्गम घरांसाठी जे किमान सौर संच ठरवले ते २०० ते ३०० वॉट क्षमतेच्या पॅनेलचे होते: पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा आणि एक प्लग. आपल्याकडच्या उन्हात २०० वॉटचे पॅनेल सर्व गळती जाऊन रोज सहाशे वॉट-तासांच्या आसपास देते. पायांनी तेवढेच द्यायचे तर बारा तास पायडल मारावे लागेल.

शहरी घराचा विचार तर निव्वळ कुतूहलापोटी करावा. महिन्याला १२० युनिट वापरणारे घर दिवसाला चार युनिट वापरते. त्यासाठी ऐंशी तासांचे पायडल, म्हणजे तीन-चार माणसे पाळीपाळीने नव्हे तर एकाच वेळी, रात्रंदिवस. ब्रिटनमध्ये बीबीसीने २००९ साली एका विज्ञान कार्यक्रमासाठी हा प्रयोग प्रत्यक्ष केला. चौघांच्या एका कुटुंबाला न सांगता त्यांच्या घराची दिवसभराची वीज सुमारे ऐंशी सायकलस्वारांकडून पुरवण्यात आली. इतकी माणसे लागली कारण घरातल्या विजेच्या शॉवरसारखे उपकरण चालू झाले की मागणी एकदम कित्येक किलोवॉटवर उडी मारते, आणि मागणीच्या त्या क्षणी तेवढे पाय हजर असावे लागतात.

तास कोणाचा

विजेची किंमत युनिटला दहा रुपये, म्हणजे बहुतेक ग्राहकांच्या दृष्टीने चढी धरली, तरी ५० वॉट-तासांची किंमत पन्नास पैसे होते. त्यासाठी शरीराने खर्च केलेली ऊर्जा मोजू. स्नायू अन्नातल्या ऊर्जेच्या जेमतेम चौथ्या हिश्शाचे यांत्रिक काम करतात. १०० वॉटने तासभर पायडल मारणाऱ्याला त्यासाठी सुमारे साडेतीनशे किलोकॅलरी जास्तीच्या लागतात, आणि त्या शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातून मिळतात. किलोला पन्नास रुपये भाव धरला तर पाच रुपयांची ज्वारी खाऊन पन्नास पैशांची वीज.

मजुरीच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी विदारक आहे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रासाठी रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. आठ तासांच्या दिवसाने भागले तर तासाला सदतीस रुपये. रोजगार हमीच्या कामातही ज्या तासाला सदतीस रुपये मिळत होते, तो तास पायडलवर पन्नास पैशांना विकला जातो.

या हिशेबावर नेहमीचा आक्षेप असा की व्यायाम तर लोक तसाही करतात, मग वीज वरकड मिळाली. शहरातल्या व्यायामशाळेपुरता तो मान्य करू. तिथे रोज तासभर वापरल्या जाणाऱ्या सायकलीतून वर्षाला सुमारे १८० रुपयांची वीज मिळेल आणि बारा हजारांचे यंत्र पासष्ट वर्षांत वसूल होईल, बॅटरी एकदाही बदलावी लागली नाही तर. पण भार्गव यांचा दावा व्यायामशाळेसाठी नव्हता. तो अशा घरांसाठी होता जिथल्या माणसांना व्यायामाची कमतरता नसते.

आणि त्या घरातला हा एक तास कोणी द्यायचा? दिवसभर शेतात राबून आलेल्या पुरुषाने, की पाणी, सरपण, चूल आणि जनावरे उरकलेल्या बाईने, की अभ्यासासाठी दिवा हवा असलेल्या मुलीने? यंत्राच्या वर्णनात हा प्रश्न नव्हता. ज्या गोष्टीला ‘फुकट’ म्हटले जाते तिची किंमत घरातले कोणी तरी भरत असते, आणि ते बहुधा घरातले सर्वांत कमी बोलणारे माणूस असते. ब्राझीलमधील सांता रीता दो सापुकाई या गावच्या तुरुंगात २०१२ च्या सुमारास कैदी पायडल मारून गावातले काही पथदिवे उजळत. तिथे पायडल मारायला माणसे मिळत राहिली, कारण सोळा तासांच्या पायडलिंगमागे शिक्षेतला एक दिवस कमी होत असे. मोबदल्याचे नाणे स्वातंत्र्य असेल तेव्हा गणित बदलते. दोन दिवे हे त्या तोलाचे नाणे नाही.

पुढे काय झाले

या यंत्राने खेड्यापाड्यांतली वीज बदलली नाही, आणि त्याची कारणे यंत्राच्या बाहेर अधिक आहेत. ज्या पंधरा ऑगस्टला, २०१५ मध्ये, पंतप्रधानांनी वीज न पोहोचलेल्या उरलेल्या गावांपर्यंत हजार दिवसांत तारा नेण्याची घोषणा केली, त्याच वर्षी हे यंत्र जाहीर झाले. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग हे त्या यादीतले शेवटचे गाव जोडले गेल्याचे सरकारने सांगितले. गाव जोडले म्हणजे गावातले प्रत्येक घर जोडले असे नव्हे, आणि तार आली म्हणजे तिच्यात वीज आली असेही नव्हे. २००५ नंतरच्या काही वर्षांत दिवसाकाठी बारा-बारा तास भारनियमन सोसलेल्या महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला हे समजावण्याची गरज नाही. तरीही रोज चार-सहा तास येणारी वीजसुद्धा बॅटरी फुकटात भरून देते आणि पायडलची गरज संपवते.

दुसरे कारण ऊन. याच काळात सौर पॅनेल इतके स्वस्त झाले की ५० वॉटचे पॅनेल दोन-तीन हजार रुपयांत मिळू लागले. ते कौलांवर टाकले की दिवसाला दीडशे वॉट-तास देते, म्हणजे तीन माणसांनी रोज एकेक तास पायडल मारावे तेवढे. त्याला ज्वारी लागत नाही, ते दमत नाही आणि त्याच्यावर कोणी बसायचे यावरून घरात वाद होत नाही. बॅटरीचा खर्च दोन्हीकडे सारखाच. बारा हजारांत पायडलचे यंत्र घ्यावे की पॅनेल, बॅटरी, चार दिवे आणि एक डीसी पंखा, हा प्रश्न विचारला की उत्तर विचारतानाच मिळते.

हे भार्गव यांच्या संस्थेलाही लवकरच उमगले असावे. २०१७ मध्ये त्यांनी ‘हन्स’ या नावाने वीज साठवणारी बॅटरीची पेटी आणि घडी घालून बॅगेसारखी उचलता येणारी सौर पॅनेलची सुटकेस सादर केली. पायडलचा दावा मांडला गेल्यानंतर दोनच वर्षांनी त्याच माणसाने ऊर्जेचा स्रोत पायांऐवजी सूर्य केला होता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत प्रांजळ कबुली आहे, जरी ती कबुली म्हणून दिली गेली नसली तरी.

पायडलला उरलेली जागा

तरीही पायडलने वीज निर्माण करणे हा प्रकार खुळचट ठरवून मोकळे होणे चुकीचे होईल. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे विद्युत अभियंते डेव्ह अर्विन-हॅलिडे १९९७ मध्ये नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात पदभ्रमण करत असताना त्यांना एक अंधारी शाळा दिसली, आणि तिथून पांढऱ्या एलईडींच्या दिव्यांचा त्यांचा शोध सुरू झाला. २००० साली नेपाळमधली काही खेडी त्यांनी या दिव्यांनी उजळली, तेव्हा विजेच्या स्रोतांत पायडलवर चालणारे जनित्रही होते. हे दिवे एक वॉटच्या आसपासचे होते. एक वॉटच्या दिव्याने हिशेब केला तर तासाभराचे पायडल दहा घरांना पाच तास उजेड देते. पायांची ताकद तीच, मागणी मात्र ६० वॉटच्या जुन्या बल्बाच्या साठाव्या हिश्शाची. दहा घरांत मिळून एक तास, म्हणजे प्रत्येक घराच्या वाट्याला सहा मिनिटे, हे ओझे कोणालाही पेलते. पुढे त्या क्षेत्रातही सौर पॅनेलच वरचढ ठरले, तो भाग वेगळा.

नागपुरात प्रा. जे. पी. मोडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पायांचा विचार दुसऱ्या टोकाने केला. त्यांनी विकसित केलेल्या पायडलच्या यंत्रात वीज येतच नाही. माणूस मिनिट-दोन मिनिटे पायडल मारून जड चक्राला वेग देतो, मग क्लच जोडला जातो आणि साठलेली सगळी ऊर्जा काही सेकंदांत कामाच्या यंत्रात ओतली जाते. चुना, राख आणि वाळू यांच्या विटा घडवण्यासाठी ही रचना वापरली गेली. १०० वॉटने नव्वद सेकंद साठवलेली ऊर्जा पाच सेकंदांत बाहेर काढली तर तेवढ्यापुरती धार १८०० वॉटची, म्हणजे दोन अश्वशक्तींहून जास्त होते. ‘फ्री इलेक्ट्रिक’मधले चक्र गचके गिळण्यापुरते होते, इथे चक्र हेच कोठार आहे आणि जनित्र, बॅटरी, इन्व्हर्टर या तिन्ही गळक्या घागरी वाटेतून काढून टाकलेल्या आहेत.

विजेच्याच बाबतीत पायडलला खरी जागा आहे ती संकटाच्या दिवसांत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या कित्येक गावांना नंतर अनेक आठवडे वीज नव्हती. मोबाइलचे मनोरेही बंद पडले होते. ते सुरू झाल्यावर प्रश्न फोन चार्ज करण्याचा होता. पावसाळा तोंडावर, आभाळ भरलेले, छपरे उडालेली, म्हणजे पॅनेलची वेळ प्रतिकूल. आणि कामाला हात-पाय मात्र गावभर मोकळे, कारण बाकी सगळे थांबलेले. अशा वेळी बॅटरी आणि इन्व्हर्टर वगळून जनित्राची वीज थेट पाच व्होल्टवर उतरवली तर गळती पुष्कळ कमी होते, आणि सावकाश पायडल मारणाराही ५० वॉटच्या आसपास देत राहतो. एका वेळी पाच फोन लागतात. वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावून बारा तास यंत्र फिरवले तर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ठेवलेल्या एका सायकलीतून दिवसाला तीस फोन पूर्ण भरतात.